यादी आधी, वरात मागून: युरोपातील प्रोटेस्टंट राजविवाह अभ्यासण्याची एक रीत

मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले असते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला, हे खरे. पण बेट प्रत्यक्षात इंग्रजांच्या ताब्यात आले ते फेब्रुवारी १६६५ मध्ये. मधल्या साडेतीन वर्षांत काय झाले हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. इंग्रजांची गलबते १६६२ मध्ये मुंबईला आली, तेव्हा पोर्तुगीजांनी बेट देण्याचे नाकारले. बेट ताब्यात घेण्यासाठी आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपल्या माणसांसह वाट पाहत राहिला आणि १६६४ मध्ये तिथेच वारला. भांडण होते ते ‘मुंबई’ म्हणजे नेमके किती, यावर. साष्टी आणि ठाणेही त्यात आले अशी इंग्रजांची समजूत होती, तर पोर्तुगीज म्हणत होते की लिहून दिले ते एकटे बेट. कलम एकच होते, पण ते दोन घरांनी दोन रीतींनी वाचले होते.

त्या विवाहात नवरा प्रोटेस्टंट आणि नवरी कॅथलिक होती. येथे मी लिहिणार आहे ते दोन्ही बाजू प्रोटेस्टंट असलेल्या राजविवाहांविषयी, म्हणजे साधारणपणे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या सोयरिकींविषयी. सदाशिव पेठेतील आमच्या छोट्या अभ्यासवर्गात दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय निबंधासाठी निवडतो आणि पोशाख, आतषबाजी, नौकांची मिरवणूक यांच्या वर्णनात पहिली दहा पाने खर्च करतो. ती वर्णने रम्य असतात, पण त्यांतून तो विवाह का झाला आणि पुढे त्याचे काय झाले हे कळत नाही. म्हणून मी अभ्यासाचा क्रम उलटा करायला सांगतो: आधी यादी वाचावी, वरात मागून पाहावी. पुढची रीत मुख्यतः दोन विवाहांच्या आधाराने सांगतो. पहिला स्कॉटलंडचा सहावा जेम्स (जो १६०३ पासून इंग्लंडचाही राजा झाला) आणि डेन्मार्कची ॲन यांचा, १५८९ चा; आणि दुसरा त्यांचीच मुलगी एलिझाबेथ आणि जर्मनीतील पॅलेटिनेट या संस्थानाचा अधिपती पाचवा फ्रेडरिक यांचा, १६१३ चा. आई आणि मुलगी अशा दोघींची लग्ने शेजारी शेजारी ठेवली की एका पिढीत काय बदलले हेही दिसते.

वही कशी आखावी

एक आडवी, रुंद पानांची वही घ्यावी आणि समोरासमोरची दोन पाने एक समजावीत. डाव्या पानावर वधूपक्ष, उजव्या पानावर वरपक्ष. प्रत्येक पानाचे तीन रकाने करावेत: काय लिहून दिले, काय गृहीत धरले, आणि हाती काय पडले. पहिला रकाना कराराच्या मजकुरावरून भरतो, दुसरा पत्रांवरून आणि वकिलांच्या, म्हणजे परदेशी राजदूतांच्या, अहवालांवरून, तर तिसरा पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या इतिहासावरून. मधला रकाना भरणे सर्वांत कठीण असते, आणि माझ्या मते सगळा विषय त्याच रकान्यात असतो.

ही आखणी मला कोणत्या ग्रंथात सापडली नाही. आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत माझ्या आईच्या लग्नाची यादी होती. चारही कोपऱ्यांना कुंकू लावलेला, घडीवर फाटत आलेला एक फुलस्केप कागद. वर ‘श्री गजानन प्रसन्न’, डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष, खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. भांडी, कपडे, येण्याजाण्याचे भाडे, दोन वेळची जेवणे असे सगळे ओळीने लिहिलेले होते आणि शेवटी एकच ओळ होती: ‘मानपान रीतीप्रमाणे’. आजी सांगत असे की लग्नात जो काही रुसवाफुगवा झाला तो त्या शेवटच्या ओळीवरून झाला, कारण रीत कोणाची हे कागदावर लिहिलेले नव्हते. राजघराण्यांच्या विवाहकरारांतही अशी एखादी मोकळी सोडलेली ओळ जवळजवळ नेहमी असते. ती शोधून तिच्याखाली रेघ ओढावी.

तारखा आधी पक्क्या कराव्यात

कोणतीही घटना वहीत लिहिण्याआधी तिची तारीख कोणत्या गणनेतील आहे हे ठरवावे. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग कॅथलिक देशांनी लवकर स्वीकारले. प्रोटेस्टंट देशांनी मात्र ते पोपचे म्हणून बराच काळ नाकारले. डेन्मार्क आणि जर्मनीतील प्रोटेस्टंट संस्थाने १७०० पर्यंत, आणि इंग्लंड तर १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगावर चालत होते. सतराव्या शतकात दोन्हींमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे एलिझाबेथ आणि फ्रेडरिक यांचे लग्न लंडनमध्ये १४ फेब्रुवारीला लागले, पण व्हेनिसच्या वकिलाच्या दृष्टीने तो दिवस २४ फेब्रुवारी होता.

याहून मोठा घोटाळा वर्षाचा आहे. इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे ज्या दिवसाला आपण १४ फेब्रुवारी १६१३ म्हणतो तो त्या काळच्या इंग्रजी कागदांत १४ फेब्रुवारी १६१२ असा लिहिलेला असतो. मी स्वतः ही चूक केली आहे. वधूचा थोरला भाऊ, युवराज हेन्री, ६ नोव्हेंबर १६१२ रोजी अठराव्या वर्षी तापाने वारला. आणि मी कागदावरचे १६१२ तसेच उचलल्यामुळे लग्न आधी आणि मृत्यू नंतर असा क्रम धरून एक संपूर्ण व्याख्यान दिले. त्यात ‘लग्नाच्या आनंदावर पुढे विरजण पडले’ असे वाक्य होते. खरे तर उलटे होते. फ्रेडरिक १६ ऑक्टोबर १६१२ रोजी ग्रेव्हसेंडला उतरला, तीन आठवड्यांत मेहुणा गेला, ७ डिसेंबरला त्याची अंत्ययात्रा निघाली, २७ डिसेंबरला वाङ्‌निश्चय झाला आणि फेब्रुवारीत लग्न. श्रोत्यांतील एका विद्यार्थिनीने नंतर शांतपणे ही गफलत दाखवून दिली, आणि मला ते व्याख्यान पुन्हा द्यावे लागले. चूक केवळ तारखेची नव्हती. हेन्री गेल्यावर एलिझाबेथ आणि सिंहासन यांच्यामध्ये बारा वर्षांचा, प्रकृतीने नाजूक असा एकटा चार्ल्स उरला होता. पॅलेटिनेटच्या दरबाराने मागणी घातली ती राजाच्या मुलीला. वाङ्‌निश्चय झाला तेव्हा ती गादीच्या वारसांत दुसऱ्या क्रमांकावर आली होती. क्रम उलटा लावला तर हे दिसतच नाही.

पेशवे दफ्तरातील कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. सुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो आणि शक चैत्रात. त्यामुळे एकाच पत्राचा इसवी सन काढताना महिना पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तीच शिस्त येथे लावावी, आणि जानेवारी ते २४ मार्च या काळातील प्रत्येक इंग्रजी तारीख लाल शाईने वेगळी लिहावी. स्कॉटलंडने वर्षारंभ १ जानेवारीला आणला तो १६०० पासून, हेही ध्यानात असू द्यावे.

नाती मराठीत मांडावीत

इंग्रजी पुस्तकांत मामा, काका, मावसा आणि फुवा या सर्वांना एकच शब्द असतो आणि भावंडांच्या सर्व प्रकारांना दुसरा एक. राजविवाहाच्या अभ्यासात या ढोबळपणाने फार नुकसान होते. आपल्या भाषेत प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दाबरोबर त्या नात्याचे कर्तव्य आणि हक्कही आपल्या मनात उभे राहतात. म्हणून वंशावळ काढावी ती मराठीत.

१६१३ च्या विवाहाची वंशावळ अशी काढून पाहा. एलिझाबेथचा मामा म्हणजे डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन. तिच्यासाठी आलेल्या स्थळांमध्ये स्वीडनचा तरुण गुस्ताव्ह ॲडॉल्फ याचेही नाव होते, आणि तोही प्रोटेस्टंटच होता. पण १६११ ते १६१३ या काळात डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात युद्ध चालू होते. मामाच्या शत्रूच्या घरी भाची द्यायची कशी, हा प्रश्न मराठी वाचकाला कोणत्याही टिपेशिवाय कळतो. फ्रेडरिकच्या बाजूला पाहावे, तर त्याचे वडील १६१० मध्येच वारले होते आणि तो स्वतः अजून अल्पवयीन असल्यामुळे कारभार पालकाच्या हाती होता. त्याची आई लुईझ युलियाना ही डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची मुलगी. म्हणून डच सेनापती मॉरिस हा फ्रेडरिकचा सावत्र मामा. आईची बहीण सेदाँच्या बुयाँ सरदाराला दिलेली होती. फ्रेडरिकचे शिक्षण त्याच मावशीच्या घरी झाले, आणि १६१२ मध्ये फ्रान्सचा वकील म्हणून लंडनला आलेल्या या बुयाँने भाच्यासाठी शब्द टाकला. मध्यस्थ कोण, तर वराचे मावसे. पुढे १६२१ मध्ये राज्य गमावलेले हे जोडपे मुलाबाळांसह आश्रयाला गेले ते हेग येथे, म्हणजे मामाच्या घरी. ‘युरोपीय प्रोटेस्टंट राजघराण्यांचे जाळे’ हे शब्द वाचून जे डोळ्यांपुढे येत नाही ते ‘मावशांनी जमवले, मामाने सांभाळले’ एवढ्याने येते.

वंशावळीत निषिद्ध नात्यांचाही विचार करावा लागतो. कॅथलिक राजघराण्यात चुलत-मामे भावंडांचे लग्न ठरले तर पोपची परवानगी आणावी लागे, आणि ती देणे न देणे हे पोपच्या हातातील एक राजकीय हत्यार होते. प्रोटेस्टंट दरबारांनी ते हत्यारच मोडून टाकले. इंग्लंडमध्ये १५४० च्या कायद्याने अशा भावंडांच्या विवाहाला मोकळीक मिळाली होती.

‘प्रोटेस्टंट’ या शब्दावर थांबावे

ही सर्वांत उपयोगाची पायरी आहे असे माझे मत आहे, आणि विद्यार्थी नेमकी हीच गाळतात. दोन्ही घरे प्रोटेस्टंट म्हणजे धर्म एकच, असे धरून चालू नये. आपल्याकडे एकाच पंचांगात स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी येतात आणि त्यावरून एकाच आळीत दोन उपवास घडतात. पण तिथला भेद याहून पुष्कळ खोल होता. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर उपस्थित असते असे ल्यूथरचे अनुयायी मानत, तर कॅल्व्हिनच्या मार्गाने जाणारे सुधारित पंथीय ती उपस्थिती आत्मिक आहे असे म्हणत. या एका प्रश्नावर विद्यापीठांतून अध्यापक काढले गेले आणि एकाच राज्यात राजा बदलला की उपासना बदलली. शिवाय जर्मन साम्राज्यातील १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने मान्यता दिली ती कॅथलिक आणि ल्यूथरपंथी या दोघांनाच. सुधारित पंथाला कायद्याचे स्पष्ट संरक्षण मिळाले ते थेट १६४८ मध्ये, वेस्टफेलियाच्या तहात. हायडेलबर्ग या पॅलेटिनेटच्या राजधानीतील धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी १५६३ मध्ये ज्या घराण्याच्या आज्ञेने रचली गेली ते पॅलेटिनेटचे घराणे सुधारित पंथाचे होते. त्यामुळे त्यांना बाहेरचा बलवान सोयरा हवासा वाटे, यात आश्चर्य नाही.

आता आईचे लग्न पाहावे. ॲन ल्यूथरपंथात वाढलेली, जेम्सचे स्कॉटलंड कॅल्व्हिनच्या मार्गाचे. २० ऑगस्ट १५८९ रोजी डेन्मार्कमधील क्रोनबोर्ग किल्ल्यात लग्न लागले तेव्हा नवरदेव तिथे नव्हताच. त्याच्या वतीने अर्ल मारिशल जॉर्ज कीथ उभा राहिला. राजपूत आणि काही मराठा सरदार घराण्यांत नवऱ्याऐवजी खांडा, म्हणजे त्याची तलवार, पाठवून लग्न लावण्याची चाल होती. येथे खांड्याच्या जागी वकील होता. नंतर वधूला घेऊन निघालेली जहाजे वादळांमुळे नॉर्वेच्या किनाऱ्याला लागली, आणि जेम्स स्वतः ऑक्टोबरमध्ये लीथ बंदरातून निघून तिला भेटायला गेला. २३ नोव्हेंबरला ऑस्लो येथे पुन्हा लग्न लागले. लावणारा डेव्हिड लिंडसे हा लीथचा स्कॉटिश उपदेशक, आणि भाषा फ्रेंच, कारण वधूवरांना समान अशी तीच भाषा होती. त्यानंतर जानेवारी १५९० मध्ये क्रोनबोर्गला ल्यूथरपंथी विधीने आणखी एकदा. एकाच जोडप्याचे तीनदा लग्न का, हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहावा. उत्तरातील निम्मा भाग प्रवासाचा आणि निम्मा पंथाचा आहे.

तरीही मामला मिटला नाही. १७ मे १५९० रोजी एडिंबरोच्या हॉलिरूड मठात ॲनचा राज्याभिषेक व्हायचा होता. राणीच्या अंगावर पवित्र तेल ओतण्याचा विधी हा पोपच्या काळातील अवशेष आहे म्हणून स्कॉटिश उपदेशकांनी हरकत घेतली. तुम्ही करत नसाल तर बिशपकडून करून घेतो, असा धाक राजाने घातला, तेव्हा रॉबर्ट ब्रूस या उपदेशकाने ते तेल ओतले. राणीने सोबत आपला ल्यूथरपंथी उपदेशक योहान्स सेरिंग आणला होता. त्याला दरबारात ठेवणे आणि राणीला आपल्या मार्गाने उपासना करू देणे ही अट कराराचाच भाग असते, म्हणून प्रत्येक विवाहकरारात उपासनेचे कलम आहे का, कोणासाठी आहे आणि मुलांच्या शिक्षणाविषयी ते काही म्हणते का, हे आवर्जून शोधावे.

करार वाचताना

कराराच्या मजकुरात चार गोष्टी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. वधूच्या माहेराने द्यायची रक्कम ही एक. वराने वधूला लावून द्यायचे उत्पन्न आणि गावे ही दुसरी. वधूच्या वारसाहक्काचे काय होणार ही तिसरी. आणि दोन राज्यांनी एकमेकांना द्यायची मदत ही चौथी. पहिलीला आपण हुंडा म्हणतो. दुसरीला स्त्रीधन म्हणावेसे वाटते, पण ती अधिक करून विधवा झाल्यावरच्या निर्वाहाची तजवीज असते. जेम्सने ॲनला डनफर्मलिन, लिनलिथगो आणि फॉकलंड येथील मिळकती लावून दिल्या होत्या. मदतीचा करार पुष्कळदा विवाहकरारात नसतोच, तो वेगळ्या कागदावर असतो, आणि म्हणून त्याच्या मर्यादा विसरल्या जातात.

रकमेची गोष्ट थोडक्यात. ॲनसाठी डेन्मार्कने पंचाहत्तर हजार थालर (त्या काळचे चांदीचे नाणे) दिले. जेम्सने त्यातील काही भाग स्कॉटलंडमधील शहरांकडे व्याजाने ठेवला, हा तपशील मला फार बोलका वाटतो, कारण त्यावरून त्या खजिन्याची अवस्था कळते. एलिझाबेथसाठी चाळीस हजार पौंड ठरले. हा आकडा रुपयांत बदलू नये. त्याच काळातील दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवावा. १६१० मध्ये जेम्सने इंग्लंडच्या पार्लमेंटकडे जो कायमचा वार्षिक तनखा मागितला होता तो दोन लाख पौंडांचा होता, आणि ती बोलणी फिसकटली होती. म्हणजे ज्या राजाचे हात रिकामे होते त्याने त्या मागणीच्या एक पंचमांश रक्कम एका लग्नात देऊ केली. त्यासाठी थोरल्या राजकन्येच्या विवाहानिमित्त प्रजेकडून वसूल करण्याची जुनी सरंजामी पट्टी त्याने १६१२ मध्ये बसवली. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळची सिंहासनपट्टी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

हुंड्याची बाकी किती काळ डोके वर काढू शकते हे पाहायचे असेल तर ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांकडे वळावे. १४६८ मध्ये डेन्मार्कचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. साठ हजार फ्लोरिनांच्या हुंड्यापैकी पन्नास हजारांच्या बदल्यात त्याने ऑर्कनी बेटे गहाण लिहून दिली, आणि उरलेलेही जमेनात तेव्हा पुढच्या वर्षी आठ हजारांसाठी शेटलंड. गहाण सुटले नाही. धर्मक्रांती झाली, दोन्ही देश प्रोटेस्टंट झाले, एकशे वीस वर्षे लोटली, आणि १५८९ मध्ये नव्या सोयरिकीच्या बैठकीत ती बेटे पुन्हा चर्चेला आली. शेवटी जेम्सच्या हयातीत हा दावा उकरायचा नाही असे ठरले. करार वाचताना आधीच्या पिढ्यांचे करारही मागवून घ्यावेत, ते यासाठी.

आता मोकळ्या ओळीकडे. मे १६१२ मध्ये झालेल्या विवाहकराराच्या थोडे आधी, त्याच वर्षी, जेम्सने जर्मनीतील प्रोटेस्टंट संस्थानांच्या संघाशी वेझेल येथे तह केला होता. १६०८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे पुढारीपण पॅलेटिनेटकडे होते. तह बचावापुरता होता: संघावर कोणी चालून आले तर मदत. जेम्सच्या डाव्या पानावर आपण काय लिहू? मुलगी प्रोटेस्टंटांकडे द्यायची, मुलासाठी कॅथलिक घराण्यातील सून आणायची, आणि दोन्ही पारडी समतोल ठेवून युरोपचा मध्यस्थ व्हायचे. उजव्या पानावर काय लिहू? हायडेलबर्गच्या मंत्र्यांना हवा होता तो जर्मन सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्याविरुद्ध पाठीशी उभा राहणारा सासरा. लिहून दिलेल्या रकान्यात दोघांचे शब्द सारखे आहेत, गृहीत धरलेल्या रकान्यात एकही ओळ जुळत नाही.

हे अंतर १६१९ मध्ये उघडे पडले. बोहेमियातील (आजच्या चेक देशातील) प्रोटेस्टंट सरदारांनी मे १६१८ मध्ये प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाचे अधिकारी खाली फेकले होते. ऑगस्ट १६१९ मध्ये त्यांनी फ्रेडरिकला आपला राजा निवडले. सासऱ्याची संमती न मिळवताच त्याने मुकुट स्वीकारला, आणि ४ नोव्हेंबरला प्रागमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. जेम्सने ती राजवट मान्य केली नाही. कायद्याने पाहता त्याला दोष देता येत नाही: दुसऱ्याचे सिंहासन घेणे हा बचाव नव्हे. पंथाचा प्रश्नही लगेच आडवा आला. फ्रेडरिकचा उपदेशक आब्राहम स्कुल्टेटुस याने प्रागच्या सेंट व्हिटस प्रार्थनामंदिरातून मूर्ती आणि चित्रे काढून टाकली, तेव्हा ज्यांनी त्याला राजा केले त्या ल्यूथरपंथीयांची मनेही दुखावली. सॅक्सनीचा ल्यूथरपंथी संस्थानिक तर सम्राटाच्या बाजूने लढला. ८ नोव्हेंबर १६२० रोजी पांढऱ्या टेकडीवरच्या लढाईत सगळे संपले, आणि लंडनहून सैन्य आले नाही.

पण येथे थांबून वही पुन्हा उघडावी, कारण सासऱ्याने काहीच केले नाही असे म्हणणे चूक ठरेल. बोहेमिया आणि पॅलेटिनेट यांत जेम्स फरक करत होता. पॅलेटिनेट हे जावयाचे वडिलार्जित राज्य, आणि तिथल्या फ्रांकेंटाल गावावर तर एलिझाबेथच्या निर्वाहाचा हक्क लावून दिलेला होता. होरेस व्हिअर याच्या हाताखाली १६२० मध्ये इंग्रज स्वयंसेवक तिकडे गेले. सप्टेंबर १६२२ मध्ये हायडेलबर्ग पडले, नोव्हेंबरमध्ये मानहाइम पडले, आणि तरीही फ्रांकेंटालमध्ये इंग्रज शिबंदी १६२३ पर्यंत टिकून होती. मुलीला लावून दिलेले गाव शेवटपर्यंत धरून ठेवले गेले, ही गोष्ट कराराची दुसरी बाब वाचल्याशिवाय नकाशावर दिसत नाही.

वकिलांचे अहवाल आणि वरात

मधला रकाना भरण्यासाठी परदेशी वकिलांची पत्रे लागतात. १६१२–१३ मध्ये लंडनला व्हेनिसचा वकील अंतोनिओ फोस्करिनी होता, आणि व्हेनिसच्या वकिलांच्या पत्रांचे इंग्रजी सारांश आता इंटरनेटवर घरबसल्या वाचता येतात. दिल्लीहून हिंगणे वकील पेशव्यांना पत्रे लिहीत, ती जशी वाचतो तशीच ही वाचावीत: कोण कोणाच्या उजवीकडे बसले, कोणाला आमंत्रण नव्हते, कोणी आजाराचे निमित्त केले. वकील आपल्या धन्याला रुचेल असेच लिहीत असतो, हे विसरू नये. ज्यांना मूळ जर्मन कागद वाचायचे आहेत त्यांनी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा पाया घालून घ्यावा. या जोडप्याचा आपसांतील पत्रव्यवहार मात्र फ्रेंचमध्ये आहे, आणि एखाद्या सोयरिकीत खरी माया होती की नाही हे तपासायचे असेल तर त्या पत्रांना पर्याय नाही.

वरातीसाठी शेवटी दोन पाने ठेवावीत. लग्न व्हाइटहॉल राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात रविवारी लागले, कँटरबरीचा आर्चबिशप जॉर्ज ॲबट याने लावले, आणि तो रविवार उपवासकाळ सुरू होण्याआधीचा शेवटचा होता. चातुर्मास लागण्यापूर्वी मुहूर्त गाठावा तसा. वधूने रुपेरी वस्त्र नेसले होते, केस मोकळे सोडले होते आणि डोक्यावर मुकुट होता. तो मुकुट का, हे तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या वारसदाराची नोंद वहीत असली की लक्षात येते. थेम्स नदीवर आतषबाजी आणि लुटुपुटूची आरमारी लढाई झाली. आपल्या सवाई माधवरावांच्या १७८३ मधील लग्नाच्या बंदोबस्ताच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एवढ्या थाटामागे किती माणसे, किती चुका आणि किती हिशेब असतात याची कल्पना असेल.

हाती काय पडले

तिसरा रकाना भरायला घाई करू नये. १६२० मध्ये तो बंद केला तर १६१३ ची सोयरीक संपूर्ण फसली असेच लिहावे लागेल: राज्य गेले, हायडेलबर्गचा प्रसिद्ध ग्रंथसंग्रह १६२३ मध्ये रोमला नेला गेला, फ्रेडरिक १६३२ मध्ये परमुलखात वारला आणि एलिझाबेथने चाळीस वर्षे परागंदा अवस्थेत काढली. रकाना १७१४ पर्यंत उघडा ठेवला तर वेगळे चित्र दिसते. या जोडप्याचे बारावे अपत्य सोफिया, जी हेग येथे १६३० मध्ये, म्हणजे घराणे आश्रित असताना जन्मली, तिला इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०१ च्या कायद्याने सिंहासनाची वारस ठरवले, कारण जवळचे कॅथलिक वारस बाजूला सारल्यावर प्रोटेस्टंट म्हणून तीच उरली. जून १७१४ मध्ये ती वारली, ऑगस्टमध्ये इंग्लंडची तेव्हाची राणी ॲन (जेम्सच्या पत्नीहून वेगळी) वारली, आणि सोफियाचा मुलगा पहिला जॉर्ज म्हणून गादीवर बसला. करार करताना वधूच्या वारसाहक्काची जी बाब कोणी फारशी मनावर घेतली नव्हती, ती शंभर वर्षांनी फळाला आली.

ही रीत हातात बसावी म्हणून पहिला सराव ४ नोव्हेंबर १६७७ च्या लग्नावर करावा. वधू मेरी, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या भावाची मुलगी, वय १५. वर नेदरलँड्सचा विल्यम ऑफ ऑरेंज (आधी आलेल्या विल्यमहून वेगळा), वय २७. वही उघडून वंशावळ मराठीत काढायला घ्यावी. विल्यमची आई ही वधूच्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणजे त्याने केली ती मामाची मुलगी. मग मधल्या रकान्यात, वराच्या बाजूला, पहिली ओळ लिहावी: या मामाला अजून मुलगा नाही.